नेभळट की भित्रा

११ मार्च, मंगळवार

चिकन म्हणजे नेभळट नव्हे! कोणत्या दीडशहाण्याने हे भाषांतर केलंय त्याला समोर बसवून खडसावावंसं वाटतंय. बावीस वर्षं या दोन भाषांच्या मध्ये उभी आहे मी, आणि लोक अजून शब्द बटाट्यासारखे उचलतात. हा नाही तर तो, सगळे सारखेच!

नीट लिहिते, नाहीतर उद्या माझं मलाच कळायचं नाही.

आज चौकशी समितीचा पहिला दिवस. रंगाच्या कारखान्यातली गोष्ट. नोव्हेंबरात एक वेल्डर थिनरच्या रिकाम्या टाकीत उतरला. आत वाफ कोंडली होती. बेशुद्ध होऊन शिडीवरून खाली पडला. अकरा मिनिटांनी बाहेर काढला. जगला — पण उजवा हात थरथरतो, थांबतच नाही. वेल्डरचा हात थरथरायला लागला की वेल्डर संपला.

समितीला ठरवायचंय ते एवढंच: आत वाफ आहे हे इंजिनियरला माहीत होतं की नव्हतं. इंजिनियरला इंग्रजीशिवाय काही येत नाही, म्हणून मी. तो बोलणार, मी समितीला सांगणार. समिती विचारणार, मी त्याला सांगणार. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश आहेत. बारीक, पांढऱ्या केसांच्या, पेन्सिलीने लिहितात. मला आवडल्या.

त्या दिवशी सकाळी वेल्डरने टाकीत उतरायला नकार दिला होता. नऊ चाळीसला इंजिनियरने त्याच्या फोनवर मेसेज पाठवला — डोन्ट बी चिकन, फाइव्ह मिनिट्स. दहाच्या सुमारास वेल्डर आत गेला.

कंपनीने फायलीत त्याचं मराठी लावलंय: ‘नेभळटपणा नको. पाचच मिनिटांचं काम आहे.’ आणि त्या कागदावर वेल्डरची सही घेतलीय, हॉस्पिटलात. वाकडीतिकडी, किडा चालून गेल्यासारखी.

आता कंपनीचे वकील काय म्हणतात — टाकीचं तोंड अरुंद, आत उकाडा, त्याला वैतागून हा माणूस कुरकुरत होता. साहेब गमतीने म्हणाले, नेभळटपणा करू नको. यात धोक्याचा विषय येतोच कुठे?

मी मूळ मेसेज पाहिला आणि न राहवून म्हणाले, की हे भाषांतर बरोबर नाही. दुभाष्याने आपणहून बोलायचं नसतं, मला ठाऊक आहे. अध्यक्षबाईंनी पेन्सिल थांबवली. बघितलं माझ्याकडे. रागावल्या नाहीत.

१२ मार्च, बुधवार

टिपण मागवलंय! माझ्याकडून! दोन शब्दांतला फरक, साध्या भाषेत, दोन पानांत. चोवीस तारखेला सोमवारी वाचून दाखवायचं.

वकिलांनी हरकत घेतली. अध्यक्षबाई म्हणाल्या की शब्द कंपनीच्या फायलीत आहे, तर त्याचा अर्थ आम्हाला कळायला हवा. बस्स. वकील खाली बसले.

जेवणाच्या सुट्टीत इंजिनियर माझ्याजवळ आला. पन्नाशीचा, नीटनेटका, दार उघडून धरणारा. म्हणाला, की चिकन आणि विम्प (म्हणजे आपला नेभळट), हे दोन्ही शब्द तो मुलीलाही म्हणतो, सायकल शिकवताना. एकच तर आहेत. मी म्हटलं, चोवीसला ऐका. तो हसला, पण कपाळावर घाम होता. खोलीत तर पंखा फिरत होता.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळपासून टेबलावर कागदच कागद. इतकं मजेचं काम कित्येक वर्षांत आलं नव्हतं.

आपल्याकडे या जातीच्या शिव्या किती आहेत! भित्रा, भेकड, भ्याड, घाबरट, पळपुटा, शेळपट, नेभळट, लेचापेचा, बुळा. सगळ्या एका टोपलीत टाकतो आपण, पण एकमेकींच्या जागी बसवून बघितल्या की लगेच ओरडतात. भ्याड हल्ला असतो. नेभळट हल्ला कधी कुणी ऐकलाय? नेभळट माणूस हल्ला करायला घराबाहेरच पडणार नाही. आधी स्वेटर शोधेल.

इंग्रजीत या नेभळटाला विम्प म्हणतात. चिकन वेगळा. पोहण्याच्या तलावावर उंच फळी असते ना, तिच्या टोकापर्यंत जाऊन खाली बघून मागे फिरतो तो चिकन. खाली पायरीवर बसून पाणी गार आहे म्हणून कण्हतो तो विम्प. पहिल्याला उंची दिसलीय. दुसऱ्याला काही दिसलेलं नाही, त्याचा स्वभावच तसा.

हे लिहिताना नवरा आठवून हसू आलं. लग्नाच्या वेळी अण्णांनी — माझ्या वडिलांनी — याला पहिल्याच भेटीत नेभळट ठरवलं होतं. कारण काय, तर सोफा सरकवताना म्हणाला, जरा दुसरं कुणीतरी हात लावा, माझी पाठ धरते. अण्णा नंतर आठवडाभर तेच. मुलगा नेभळट आहे, मुलगा नेभळट आहे. अण्णांचा लाडका शब्द. आमच्या घरात रोज चारदा तरी यायचा. मांजरालाही म्हणायचे.

आणि याच मुलाने पुढे शेजारच्या सिलिंडरला आग लागली तेव्हा काय केलं? सगळा जिना खाली पळाला आणि हा ओलं पोतं घेऊन आत गेला. बंद करून आला. मग बोट भाजलं म्हणून दोन दिवस असा कण्हत होता की मीच म्हटलं, अरे पुरे आता. म्हणजे विम्प आहे, चिकन नाही! टिपणात घालायला हवं होतं, पण बरं दिसणार नाही.

संध्याकाळी चष्म्याच्या दुकानातून आला तेव्हा त्याच्यावरच प्रयोग केला. म्हटलं, तो माणूस भितो, असं मी म्हटलं तर तू काय विचारशील? म्हणाला, कशाला भितो? म्हटलं, आणि तो माणूस नेभळट आहे, असं म्हटलं तर? खांदे उडवून म्हणाला, काही नाही, असेल बापडा.

सापडलं! भितो म्हटलं की लगेच ‘कशाला’ येतं. नेभळट म्हटलं की गोष्ट संपते. चिकन म्हणणाऱ्याला समोरचा कशाला घाबरलाय हे ठाऊक असतं. ठाऊक असल्याशिवाय तो शब्द तोंडात येतच नाही.

याहून सोपं करून कुणी सांगावं!

१७ मार्च, सोमवार

आज वेल्डरची साक्ष. मला काम नव्हतं — तो आपलीच भाषा बोलतो — पण इंजिनियरच्या कानाशी बसून सगळं हळू आवाजात इंग्रजीत सांगत होते.

चाळिशीचा माणूस. रुंद खांदे, शर्टाची कॉलर कडक इस्त्रीची. उजवा हात टेबलाखाली डाव्या हाताने दाबून बसला होता. अध्यक्षबाईंनी पाणी दिलं तेव्हा दोन्ही हातांनी पेला उचलला आणि तरी सांडलं. त्याची बायको उठली, रुमालाने टेबल पुसलं, परत जागेवर बसली.

वकिलांनी विचारलं, मेसेज आला होता? म्हणाला, आला होता. त्यानंतर टाकीत उतरलात? उतरलो. साहेबांनी हात धरून ढकललं का? नाही. म्हणजे आपल्या मर्जीने? त्यावर तो टेबलाखालच्या हाताकडे बघायला लागला. अध्यक्षबाईंनी तेवढ्यावर सोडलं त्याला. सकाळी नकार का दिला होता, एवढंच त्यांनी विचारलं. म्हणाला, वास येत होता. साहेबांना सांगितलं होतं का? नाकाला हात लावून दाखवलं होतं, म्हणाला.

इंजिनियर म्हणतो त्याने नाक नाही, कपाळ पुसलं. उकाड्याने.

बाहेर बाकावर त्याची बायको आणि तिचा थोरला भाऊ. तोही त्याच कारखान्यात फिटर आहे, त्या दिवशी त्याच पाळीला होता. रजा काढून येतो रोज आणि रोज मेहुण्यावर चिडलेला असतो. मला गाठून म्हणाला, “मॅडम, एका शब्दावर उतरला हो हा. मला कोणी दिवसभर चिकन म्हटलं असतं ना, तरी मी डबा उचलून घरी गेलो असतो.”

बायको त्याला दटावत होती. दादा, पुरे, त्यांना ऐकू जाईल. पण त्याला ऐकू जावं असंच वाटत होतं बहुतेक. वेल्डर दारात उभा होता. ऐकलं त्याने.

मला त्याची फार कीव आली. पुरुषांना हा शब्द केवढा लागतो. मरायला तयार होतात, पण हा शब्द अंगावर राहू देत नाहीत. चोवीस तारखेला बघते मी. हा शब्द त्याच्या अंगावरून काढून जिथला तिथे ठेवते!

१८ मार्च, मंगळवार

टिपण तयार. तीनदा वाचलं. एक स्वल्पविराम काढला, परत घातला.

१९ मार्च, बुधवार

ते भाषांतर माझं आहे.

सहज झालं. टिपणाला जोडायला म्हणून संगणकावर जुनी कामं चाळत होते, मी पूर्वी विम्प मराठीत कसा आणलाय ते बघायला. नेभळट टाकून शोधलं. अण्णांचा शब्द, बऱ्याच ठिकाणी निघाला. त्यात डिसेंबरातली एक फाइल. भाषांतराच्या एजन्सीने पाठवलेली. सत्तावन्न मेसेज, सगळे तुटक, नावं खोडलेली. संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. कुणाचे, कशाबद्दल, काही सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. बत्तिसावा मेसेज: नेभळटपणा नको. पाचच मिनिटांचं काम आहे.

‘पाचच’ — तो च सुद्धा माझाच. मूळ मेसेजात नाही.

खुर्चीतच बसून राहिले. दुपारचं जेवण ताटात वाळलं.

२० मार्च, गुरुवार

मी काल नवऱ्याला काही बोलले नाही. आज सकाळी सांगितलं. तो बूट घालत होता.

मी सगळं बोलले. की कुणालाच ठाऊक नाही. फाइल एजन्सीची, त्यांच्याकडे पंधरा भाषांतरकार, ते नाव सांगणार नाहीत. मी टिपण वाचेन, भाषांतर चुकलंय हे सिद्ध होईल, वेल्डरचं भलं होईल. कुणी केलं याने काय फरक पडतो? उलट सांगितलं तर वकील म्हणतील, या बाईचा भरवसा काय, डिसेंबरात एक म्हणते आणि मार्चात दुसरं. म्हणजे सांगून त्याचंच नुकसान. बरोबर की नाही?

तो नाडी बांधत ऐकत होता. मग म्हणाला, “आमच्याकडे नंबर चुकला तर आपण म्हणतो, चुकला, देतो बदलून. गिऱ्हाईक दोन मिनिटं ओरडतं. पण दुसऱ्या दुकानाने चुकवला म्हणून सांगितलं ना, तर मग ते आपल्याकडे परत येत नाही. कसं कळतं कोण जाणे, पण कळतं.”

आणि गेला कामाला. डबा विसरून.

मला राग आला. चष्म्याची आणि याची काय बरोबरी? दुपारपर्यंत राग होता. मग वाटलं — मी कशाला भितेय? हा प्रश्न माझाच, शुक्रवारी शोधलेला. उत्तर पटकन आलं. दुभाष्यांच्या यादीतून नाव जाईल याला. बावीस वर्षांत एकदाही चूक निघाली नाही, हे जे मी येताजाता सांगते, ते आता सांगता येणार नाही, याला.

ठीक आहे. निदान कळलं तरी, कशाला ते.

२१ मार्च, शुक्रवार

टिपणाला खाली तीन ओळी जोडल्या. आता त्या खोडणार नाही. शाईने लिहिल्यात.

२४ मार्च, सोमवार

सगळं लिहून काढते, एकही गोष्ट सुटायला नको.

साडेदहाला टिपण वाचलं. आवाज चांगला लागला होता. फळी आणि पायरीचं सांगितलं तेव्हा समितीतले कारखाना-निरीक्षक हसले. कशाला भितो, हा भाग आला आणि अध्यक्षबाई लिहायला लागल्या. पेन्सिलीचा आवाज येत होता, इतकी शांतता.

वकील उठले. फार गोड बोलतात. म्हणाले, मॅडमचं विवेचन सुंदर आहे, पण ज्याने मूळ भाषांतर केलं तोही जाणकारच असणार. त्याला एक अर्थ दिसला, मॅडमना दुसरा. दोघांपैकी समितीने कुणाचं ऐकावं? त्यालाही बोलवावं का?

शेवटच्या तीन ओळी वाचायच्या राहिल्या होत्या. कागदाची घडी घालून खाली बसता आलं असतं. पण उभी होतेच, तेव्हा वाचल्या. की फायलीतलं भाषांतर मी स्वतः डिसेंबरात केलं. ते चूक आहे.

मागच्या बाकावर काहीतरी पडलं. बहुतेक फिटरचा डबा.

वकिलांना असा घास कधी मिळाला नसेल. म्हणाले, “मग मॅडम, समितीने तुमचं तेव्हाचं ऐकावं की आताचं?”

“आताचं,” मी म्हटलं. “तेव्हा मी घाईत होते. कशाबद्दल आहे ते विचारलं नाही. सवयीचा शब्द टाकला आणि पुढे गेले.”

“आज घाई नाही?”

“आज बारा दिवस मिळालेत.”

(बसमध्ये परतताना याहून बाणेदार आठ उत्तरं सुचली. पण तिथे हेच आलं, आणि आता वाटतं, बरंच होतं.)

वकील म्हणाले की साक्षीदाराने आपली चूक कबूल केल्याने तिच्या साऱ्याच मतावर प्रश्न उभा राहतो. अध्यक्षबाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी मला त्याबद्दल काही विचारलंच नाही. इंजिनियरकडे वळल्या. मला म्हणाल्या, हा एकच प्रश्न विचारा, जसाच्या तसा, शब्द वाढवू नका.

“त्या सकाळी तो कशाला घाबरत होता?”

मी तसाच विचारला. इंग्रजीत सहा-सात शब्द होतात.

इंजिनियरने तोंड उघडलं आणि मिटलं. उकाड्याला घाबरतो असं कुणी म्हणत नाही. अरुंद तोंडाला म्हणता आलं असतं, पण वेल्डर सोळा वर्षं तसल्याच टाक्यांत उतरतोय, हे फायलीत पहिल्याच पानावर आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, जणू मी मदत करणार होते. मी त्याच्या टायकडे बघत राहिले. दुभाष्याने चेहऱ्याकडे बघायचं नसतं अशा वेळी.

मग तो हळूच म्हणाला. एकच शब्द.

मी समितीला सांगितलं, “वाफेला.”

वकील ताडकन उठले, काहीतरी म्हणाले. इंजिनियरने त्यांना हातानेच थांबवलं. मग तोच बोलायला लागला, आणि मी त्याच्या मागे मागे. की गॅस तपासायचं मीटर दुरुस्तीला गेलं होतं. की टाकी आदल्या दिवशी धुतल्याचा कागद होता. की वेल्डरने नाकाला हात लावला तेव्हा त्यालाही किंचित वास आला होता. किंचित, हा शब्द त्याने दोनदा म्हटला, मीही दोनदा. वरून काम संपवायचा तगादा होता. त्याला वाटलं, पाच मिनिटांत काय होतंय.

वेल्डर खाली मान घालून बसला होता. बायको रडत होती, आवाज न करता. फिटर भिंतीकडे तोंड करून उभा.

नंतर जिन्यात इंजिनियर भेटला. माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं. त्याने विचारलं, माफ करा हे तुमच्या भाषेत कसं म्हणतात. सांगितलं. दोनदा म्हणून बघितलं त्याने, ‘माफ’ जरा विचित्र येत होतं. खाली फाटकापाशी वेल्डर रिक्षाची वाट बघत उभा होता. इंजिनियर पाच पावलं गेला त्याच्या दिशेने. मग कोटाच्या खिशात काहीतरी शोधल्यासारखं केलं, आणि गाडीकडे वळला.

२५ मार्च, मंगळवार

एजन्सीचा फोन. यापुढे काम पाठवणार नाहीत. कारण विचारलं तर म्हणे, गोपनीयता. मी म्हटलं, बरं.

समितीच्या दुभाष्यांच्या यादीतूनही नाव तूर्त स्थगित. वर्षभर. तसं पत्र आलं, अध्यक्षबाईंच्या सहीचं. खाली पेन्सिलीने एक ओळ: नियमाप्रमाणे करावं लागलं; टिपणाची एक प्रत मी माझ्याकडे ठेवली आहे.

ती ओळ नवऱ्याला तीनदा वाचून दाखवली.

वाईट वाटतंय का? वाटतंय. पण अंग हलकं आहे. सकाळी आरशात बघून केस बांधताना चक्क गुणगुणत होते.

३ एप्रिल, गुरुवार

निकाल लागला. धोका माहीत असताना कामगाराला उतरवलं, असं समितीने लिहिलंय. वेल्डरला पूर्ण भरपाई, आणि कारखान्यातच बसून करायचं काम — भांडारात, नोंदी बघायचं. मीटर चालू असल्याशिवाय कुठलीही टाकी उघडायची नाही, असा आदेश. इंजिनियरचा परवाना काढून घेतला.

वेल्डरच्या बायकोने फोन केला. तिला बोलता येईना, मग फोन भावाकडे दिला. फिटर म्हणाला, “मॅडम, तुम्ही उभ्या राहिलात त्या दिवशी. मी नसतो राहिलो.” आणि लगेच मेहुण्यावर घसरला, की याला मात्र अक्कल येणार नाही, लोकांच्या बोलण्याला एवढा काय लागतो.

मी म्हटलं, जाऊ द्या हो आता.

११ एप्रिल, शुक्रवार

नवीन काम मिळालं. शिलाई मशीनचं माहितीपत्रक. कंपनीला पाच प्रश्न विचारून पाठवले आधी! त्यांना वाटलं असेल, कोण ही बाई.

१७ एप्रिल, गुरुवार

शिलाई मशीन संपलं. बॉबिनपाशी अडले होते. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जाऊन त्याच्या मशीनचे सगळे भाग उघडून बघितले, एकेकाला तो काय म्हणतो ते लिहून घेतलं. त्याने मला अर्धा तास शिकवलं आणि वर म्हणाला, हात चांगला आहे तुमचा, कापड आणा कधीतरी.

बावीस वर्षांत हे कधी केलं नव्हतं. गरजच काय, असं वाटायचं.

२२ एप्रिल, मंगळवार

वेल्डर घरी आला होता. एकटाच. डॉक्टरांचा कागद वाचून हवा होता. वाचून दिला. मग मीच, जरा तोऱ्यात, म्हणाले की त्या एका शब्दाने तुमचा केवढा घात केला.

तो चपला घालता घालता थांबला. म्हणाला, “ताई, तो मेसेज मी हॉस्पिटलात वाचला. फोन कपाटात होता, कपड्यांत.”

मग का उतरलात, मी विचारलं.

“दहाला साहेब परत आले. माझ्याशी बोललेच नाहीत. मेहुण्याकडे बोट केलं. तो तिकडे पाठमोरा पाइप कापत होता. त्याला लहानपणापासून वास येत नाही, ताई. काही म्हणजे काही येत नाही. तो हसत उतरला असता.”

त्याने दुसरी चप्पल पायात सरकवली.

“बायकोला ठाऊक नाही. त्याला तर नाहीच. चिडू दे त्याला, बरं आहे ते. तुम्ही कुठे लिहू नका हे.”

नाही लिहिणार, म्हटलं.